पांढरी तीन, काळी दोन

तुळशीराम, तुझ्या तेरवीला वरण खारट झालं होतं. तू असतास तर पंगतीत मला कोपर मारून म्हणाला असतास, "मास्तर, आचारी वरच्या पट्टीत गेला गा आज." कोणी काही बोललं नाही. मीही दोनदा पाणी पिऊन भात संपवला. माझ्या शेजारी साकोलीहून आलेला तुझा साडू बसला होता. भला माणूस आहे, पण सबंध जेवणात त्याने मला एकदाही कोपर मारलं नाही. तू गेलास हे मला तिथे, पत्रावळीवर कळलं. घाटावर कळलं नव्हतं. घाटावर लाकडं ओली निघाली आणि आम्ही सगळे त्याच गडबडीत होतो.

तेरवीला आता आठ दिवस झाले. या आठ दिवसांत जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. खरं तर सांगायची गोष्ट सात वर्षांपूर्वीचीच आहे, आणि सुरुवात तिच्यापासूनच करायला पाहिजे. पण तू मला ओळखतोस. आलापी केल्याशिवाय मी मुद्द्यावर येत नाही. "मास्तर, लवकर समेवर ये, लोकायले घरी जायचं हाये," असं तू म्हणायचास. आज तुझी घाई नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

परवा साकोलीच्या बाजारात बाहेरगावच्या एका माणसाने विचारलं, तुमच्या झाडीपट्टीच्या नाटकात वाजवणारे बसतात तरी कुठे? मी म्हणालो, खड्ड्यात. तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग सांगावं लागलं की धान कापून रिकामी झालेली बांधी घ्यायची, तिची माती खोदून उंच स्टेज घालायचा आणि स्टेजच्या अगदी पुढ्यात कमरेएवढा खड्डा ठेवायचा, तो आमचा. मधोमध माझा ऑर्गन, उजव्या हाताला क्लॅरिओनेट आणि डाव्या हाताला तुझी तबल्याची बैठक, विटा लावून उंच केलेली. लोकांना आपण दिसत नाही आणि आपल्याला नाटक दिसत नाही. आपल्याला दिसतात फक्त पाय.

बावीस हंगाम आपण पाय पाहिले, तुळशीराम. दिवाळी झाली, गावोगाव मंडईच्या जत्रा भरायला लागल्या की गाडीत बसायचं आणि होळीला उतरायचं. राजा मेला की पाय आडवे दिसायचे, एवढंच आपलं नाटक. तुला तर नट चेहऱ्याने ओळखूच यायचे नाहीत. आपल्याच कंपनीतली हिरॉइन एकदा लाखनीच्या बसस्टँडवर भेटली, "नमस्कार तबलजी" म्हणाली, आणि तू गोंधळून तिच्या तोंडाकडे पाहत राहिलास. मग खाली मान घालून तिच्या चपला पाहिल्या आणि म्हणालास, "अरे, तुमी होय का जी!" ती बिचारी लाजली. गाडीत मी हसून हसून बेजार, आणि तू मात्र गंभीरपणे मला समजावत होतास की तोंडाला रंग लावता येतो, पायाला कोणी लावत नाही.

त्या सगळ्या पायांमध्ये एक जोडी मनोहरभाऊंची. आपल्या कंपनीचे मालक तेच आणि गाणारे हिरोही तेच. वर्षानुवर्षं लोक नाटकाचं नाव विचारत नसत, "मनोहरभाऊ हाये का?" एवढंच विचारत. पहिल्या अंकात ते पडद्याआडून गात गातच यायचे. पांढरी तीनमध्ये. ऑर्गनवरची तिसरी पांढरी पट्टी हा त्यांचा मान होता. त्यांच्या वयाचे बाकीचे गाणारे केव्हाच खाली उतरले होते आणि हे प्रत्येक गावात माइकवरून सांगायचे, "आजबी पांढरी तीन!" लोक टाळ्या वाजवायचे.

मग त्यांचा गळा थकला. ते आधी मला कळलं, कारण सूर देण्याचं काम माझं. वरचा स्वर लागेपर्यंत त्यांचे पाय स्टेजवर अंगठ्यांवर उचलले जायचे. तू ते पाय पाहिलेस आणि मी तो स्वर ऐकला, आणि आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मुक्कामाच्या शाळेच्या ओसरीवर तू तबल्याच्या गट्ट्यांवर हातोडी मारून सूर लावत बसला होतास, तेव्हा मी तुला सुचवलं की ज्या दिवशी भाऊंचा आवाज बसलेला असेल त्या दिवशी आपण गुपचूप काळी दोनमध्ये वाजवू. अर्धाच सूर खाली. त्यांना कळायचं नाही, लोकांना तर नाहीच नाही.

तुझी हातोडी थांबली. "त्यायले सांगून काहून नाई?"

"त्यांचं मन मोडेल. त्या पांढरी तीनवर माणूस उभा आहे."

"गळा त्यायचा हाये, मास्तर. त्यायले समजत नसन काय? आपन खड्ड्यात बसून त्यायले फसवून राहिलो म्हनतो, अन ते वर उभे राहून आपल्याले फसवत असन."

"मालक आपल्याला कशाला फसवतील?"

"तू सांग. तुले भेव लागत असन तं मी सांगतो."

मी नको म्हणालो. भांडण चांगलं तासभर चाललं. तू म्हणालास, खऱ्याने कोणी मरत नाही. मी म्हणालो, कलावंत मरतो. हे वाक्य मी मोठ्या ऐटीत टाकलं होतं, कुठल्या नाटकातलं असेल देव जाणे. तू हातोडी खाली ठेवलीस आणि म्हणालास, "बरं, तुझ्या मनासारखं." वाद मी जिंकलो असं मला वाटलं. तो संपलाच नव्हता, हे मला आत्ता आत्ता समजलं.

तेव्हापासून तू दोन तबले घेऊन बसायला लागलास. एक पांढरी तीनला लावलेला, दुसरा काळी दोनला. कोणी विचारलं तर सांगायचास, थंडीने एकाचा सूर उतरला तर दुसरा हाताशी असावा. आणि माझी खूण ठरली. दुपारी चहाच्या वेळी मी भाऊंचं बोलणं ऐकायचो, अंदाज घ्यायचो, आणि त्यांच्या एंट्रीच्या आधी डाव्या पायाचा भाता सोडून गुडघा तुझ्या मांडीला लावायचो. एकदा लावला की पांढरी तीन, दोनदा लावला की काळी दोन. तू तबला बदलायचास आणि लगेच माझा सूर, तुझी सम, भाऊंची तान. सहा हंगाम हे चाललं. एकदाही चुकलं नाही. बायकोलाही मी इतकं बिनबोलता काही समजावू शकलो नाही जितकं तुला त्या गुडघ्याने समजावलं.

आणि मग आसगाव.

आता समेवर येतो, तुळशीराम. आसगावच्या मंडईला माणूस मावत नव्हता. भाऊंना दोन दिवस खोकला होता, म्हणून मी तुला गुडघा दोनदा लावला. तू काळी दोनचा तबला पुढे घेतलास. तेवढ्यात विंगेतून भाऊंनी कोणाला तरी हाक मारली, आणि ती हाक इतकी खणखणीत निघाली की मला वाटलं, आज झेपेल त्यांना. इतक्या गर्दीसमोर कशाला खाली उतरायचं? माझी बोटं पांढरी तीनवर गेली. गुडघा जागचा हलला नाही. मी विसरलो. घाई नव्हती, गोंधळ नव्हता, मी फक्त विसरलो. भाऊ गात आले आणि तू समेवर भरघोस 'धा' मारलास. माझ्या सुराहून अर्धा सूर खाली.

तुझा हात हवेतच थांबला. ते मी पाहिलं. एका 'धा'मध्ये तुला सगळं कळलं होतं. तू तबला बदलायला वाकलास, तेवढ्यात एक आवर्तन रिकामं गेलं, भाऊंचा ताल सुटला, स्वर चिरकला आणि मागून शिट्ट्या सुरू झाल्या. भाऊंनी गाणं थांबवलं. त्यांचे पाय स्टेजच्या कडेला, बरोबर तुझ्या डोक्यावर आले. माइक त्यांच्या हातात होता.

"तुळशीराम, कान कुठं ठेवून आला गा?"

सगळा मंडप हसला. तू वर पाहिलंस. मग माझ्याकडे पाहिलंस. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. चूक माझी आहे एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण भाऊंच्या हिशेबी मी बरोबर पांढरी तीनमध्येच होतो, मग माझी चूक कशी, असं त्यांनी विचारलंच असतं आणि सहा वर्षांचं सगळं तिथे उघडं पडलं असतं. त्या आठवड्यात मी मनाला असंच समजावत राहिलो की मी भाऊंचा मान राखला. ते खोटं आहे. मी घाबरलो होतो. मालकाला खाली उतरवणारा मास्तर कोण ठेवेल, हा विचार मला तुझ्या नजरेसमोर बसून सुचला. मी ऑर्गनकडे मान घातली.

तू म्हणालास, "माझं चुकलं, भाऊ." आणि पांढरी तीनचा तबला पुढे ओढलास. त्या दिवशी पुढे तू जसं वाजवलंस तसं कधी वाजवलं नसशील, पण ऐकतो कोण? लोकांना एक वाक्य मिळालं होतं. पुढच्या गावी आपण पोचायच्या आधी ते वाक्य पोचलं. चहाच्या टपरीवर, बसमध्ये, मंडईतल्या पाळण्यापाशी, "कान कुठं ठेवून आला?" हंगाम संपला आणि भाऊंनी सांगितलं की पुढच्या वर्षी तबल्याच्या जागी ऑक्टोपॅड घेऊ, आजकाल लोकांना तसलंच लागतं. मी तिथेच उभा होतो. तेव्हाही काही बोललो नाही. किती वेळा सांगू, तुळशीराम, मी तेव्हाही काही बोललो नाही.

तू एकोडीला आपल्या शेतीवर परतलास. माझं घर तुझ्या घरापासून चार घरांवर. मी हंगामाला जायचो आणि होळीला यायचो, तेव्हा तू तलावाच्या पाळीवर बसलेला असायचास. काय चाललंय कंपनीत, कोण नवीन आलं, सगळं विचारायचास. मी सांगायचो. एकदा, पाणी सोडण्याच्या दिवसांत, मी फार हिंमत करून म्हणालो, "तुळशीराम, ते आसगावचं..." आणि तू लगेच म्हणालास, "मास्तर, तुझ्या धानावर करपा दिसून राहिला. औषध मारलं का?" मी करप्यावर बोलत बसलो. तू त्या विषयाचं दार लावून घेतलंस आणि मी ते ढकललं नाही. मला ते सोयीचंच होतं.

घरी तर तू कमालच केलीस. यमुनावहिनींना तू सांगितलंस की खरंच कान गेले. त्या काळजीने तुला भंडाऱ्याला घेऊन गेल्या, डॉक्टरने यंत्र लावून तपासलं आणि म्हणाला, कान उत्तम आहेत. बाहेर आल्यावर तू वहिनींना म्हणालास, "डॉक्टरले काय समजते तबल्यातलं?" त्यांनाही ते पटलं. त्या दिवसापासून त्या तुझ्याशी मोठ्याने बोलायला लागल्या. सगळी आळी ऐकायची, "चहा घ्या!" "डोक्याले तेल लावा!" आणि तू हात कानाशी नेऊन "आँ?" म्हणायचास. मी कुंपणाबाहेरून ऐकून हसायचो. वाटायचं, याने तर याचंही नाटक केलं. त्यात किती दुखत असेल हा विचार मला आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला.

आता तेरवीचं सांगतो. मनोहरभाऊ आले होते. ते कारध्याला मुलाकडे राहतात, काठी घेऊन चालतात. जेवणं झाल्यावर मांडवात चार माणसं तुझ्याबद्दल बोलली. भाऊही उठले. आवाज पार घोगरा झालाय. म्हणाले, "तुळशीरामसारखा हात पुन्हा होनार नाई. शेवटी शेवटी कानानं साथ सोडली, नाई तं काय मानूस होता!" लोकांनी माना डोलावल्या. मी खांबाला टेकून बसलो होतो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं ठाऊक नाही, पण थेट माझ्याकडेच पाहिलं.

माणसं पांगली. मी चपला शोधत होतो, तेव्हा वहिनी दाराशी आल्या.

"भाऊजी, एक इचारू का?"

"विचारा."

"डॉक्टर म्हने कान चांगले हायेत. रस्त्यानं सायकलची घंटी वाजली तं हे आधी बाजूला होत. पानी आलं नळाले तं घरात बसून यायले आयकू ये. मग त्या दिवशी काहून चुकले जी?"

मी सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, चपला हातात घेऊन. दोन तबले, गुडघा, पांढरी तीन, काळी दोन, सगळं. मला वाटलं होतं त्या रागावतील. निदान दोन शब्द लागतील असे बोलतील, मला ते हवे होते. त्यांनी दाराची चौकट धरली.

"सात वर्स मी वरडून बोलली त्यायच्याशी," त्या म्हणाल्या. "रागानं नाई जी, आयकू यावं म्हनून. लोक हासत, तरी बोलली. एकदा बी नाई म्हनले का यमुना, मले आयकू येते. एकदा तरी म्हनले असते."

मी मान खाली घातली. पुन्हा.

"आता हळू कोनाशी बोलू, भाऊजी?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर मला कळू दे. त्या आत गेल्या, खुंटीखाली झाकून ठेवलेल्या तुझ्या दोन्ही तबल्यांवरचं फडकं नीट केलं आणि परत आल्या. म्हणाल्या, "मले सांगितलं ते मनोहरभाऊले सांगा. बाकी काई नको."

तिसऱ्या दिवशी मी कारध्याला गेलो. भंडाऱ्यापर्यंत बस, तिथून वैनगंगेच्या पुलावरून ऑटो. वाटेत मनात चार वेळा भाषण जुळवलं. भाऊ अंगणात खुर्ची टाकून नदीकडे तोंड करून बसले होते. मी नमस्कार केला, समोर बसलो, आणि भाषण गेलं कुठल्या कुठे. सरळ म्हणालो, "भाऊ, आसगावला तुळशीराम चुकला नव्हता. मी चुकलो. सहा वर्षं आम्ही तुम्हाला न सांगता काळी दोनमध्ये गायला लावत होतो."

ते माझ्याकडे वळलेच नाहीत. "माईत हाये."

"काय माहीत आहे?"

"सगळंच. गळा माझा होता गा, मास्तर. थकलेला गळा आपोआप सुधरते काय? पयल्या दोन-चार प्रयोगात नाई समजलं. मग वरचा स्वर हलका लागू लागला तं समजलं का खालून कोनीतरी शिडी लावून राहिलं."

"मग बोलला का नाही?"

"कायले बोलू? बरं वाटत होतं."

तुळशीराम, ओसरीवर तू हातोडी थांबवून म्हणाला होतास तेच. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो. पण एक प्रश्न राहिला होता आणि तो विचारल्याशिवाय मी उठणार नव्हतो.

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं की चूक माझी आहे?"

"हो."

"मग त्याचं नाव का घेतलं?"

भाऊंनी काठीने जमिनीवरची माती उकरली. "लोक हासत होते. कोनाचं तरी नाव घ्याच लागत होतं. तुझं घेतलं असतं तं तू उलटून बोलला असता, अन सगळं बाहेर आलं असतं. तुळशीराम बोलनार नाई, हे मले माईत होतं."

मी ताडकन उठलो. फार मोठं काहीतरी बोलणार होतो, तोंड उघडलंही होतं. आणि मग तसाच उभा राहिलो, कारण रागवायचं कोणत्या तोंडाने? मलाही तेच माहीत होतं. खड्ड्यात मान घालून बसलो तेव्हा मला ठाऊक होतं की तू बोलणार नाहीस. आम्ही दोघांनी, एकाने वरून आणि एकाने शेजारून, एकाच कारणासाठी तुला पुढे केलं. तू चांगला होतास, एवढाच तुझा गुन्हा. मी भाऊंना म्हणालो की वहिनींना येऊन एकदा हे सांगा. ते "येतो" म्हणाले. अजून आलेले नाहीत. येतील असं वाटतं, पण तुला खात्री देत नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी तुझ्याशी भांडत होतो. तुलाही हे माहीत होतं का? भाऊंना कळतंय हे तू आधीपासून म्हणत होतास, मग त्या दिवशी वर पाहिलंस तेव्हा तुला त्यांच्या तोंडावर दिसलं का? सात वर्षं आम्हा दोघांचं ओळखून "आँ?" म्हणत हिंडलास का? तसं असेल तर मला तुझा राग येतो. एकदा माझी गचांडी धरायची होतीस. पाळीवरून तलावात ढकलायचं होतंस. मी ओला होऊन घरी आलो असतो आणि दुसऱ्या दिवशी दोघं मिळून भाऊंकडे गेलो असतो. तुझं गप्प राहणं मला माफीसारखं वाटत होतं, म्हणून मी ते चोरून घेत राहिलो. आणि तरी तू मंडईला जाणाऱ्या गाडीपर्यंत माझी कपड्यांची पेटी उचलायला यायचास, दर वर्षी, न चुकता. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणतो. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर, आणि तू जाऊन मला फार एकटं केलंस.

भाऊंनंतर कंपनी त्यांच्या पुतण्याने चालवायला घेतली. गाणारा नवा आहे, प्रशांत नावाचा, तिशीतला, आवाज चांगला. तो पांढरी तीनमध्येच गातो. तुझ्या जागी ऑक्टोपॅड वाजवतात ते एका शाळेत क्लार्क आहेत. नीटनेटका माणूस, वेळेवर येतात, चुकत नाहीत. त्यांना माझ्या गुडघ्याची काही गरज नाही. सूर बदलला काय नि न बदलला काय, त्यांचं यंत्र तेच बोलतं.

काल आपल्या एकोडीची मंडई झाली. शाळेमागच्या बांधीत मंडप होता, तुझ्या घराच्या अंगणात ऐकू जाईल इतका जवळ. दुःखाचं घर म्हणून वहिनी नाटकाला आल्या नाहीत, पण अंगणात खाट टाकून बसल्या होत्या असं कोणीतरी सांगितलं. मी खड्ड्यात उतरलो. प्रशांतला सर्दी झाली होती. चहाच्या वेळीच मी ऐकलं होतं, नाकातून बोलत होता. वरचा स्वर त्याला आज लागणार नाही, हे मला दिसत होतं. घंटा व्हायला पाच मिनिटं होती. विंगेत त्याचे पाय दिसत होते, येरझारा घालणारे.

मी स्टुलावर उभा राहिलो. बावीस अधिक सात वर्षांत पहिल्यांदा माझं डोकं स्टेजच्या कडेच्या वर आलं. पडदा जरा बाजूला केला आणि हाक मारली.

"प्रशांत, आवाज बसला आहे तुझा. पांढरी तीन झेपणार नाही. आज काळी दोन घेऊ."

तो लगेच वाकला. त्याचा चेहरा उतरला नाही, मन मोडलं नाही, कोणी मेलं नाही. म्हणाला, "घ्या ना जी, मास्तर. मीच म्हननार होतो."

एवढंच होतं, तुळशीराम. एवढंच. तू शाळेच्या ओसरीवर जे म्हणाला होतास ते करायला मला अर्धं मिनिट लागलं.

मी खाली बसलो. घंटा झाली, दिवे मालवले, माझी बोटं काळी दोनवर गेली. आणि माझ्या डाव्या पायाने आपोआप भाता सोडला. गुडघा डावीकडे सरकला, दोनदा, आणि दोन्ही वेळा ऑक्टोपॅडच्या स्टँडच्या लोखंडी नळीला लागला.

शेजारच्या क्लार्कसाहेबांनी वाकून विचारलं, "मास्तर, जागा कमी पडून राहिली काय? स्टँड सरकवू का?"

मी म्हणालो, "नको. राहू द्या तिथंच."